अण्णांची एक दिवसाची सीएल

आधी माफी मागतो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. कायद्यावर, युनियनवर लिहावं एवढा माझा अभ्यास नाही. चुकलं तर समजून घ्या.

अण्णा, म्हणजे माझे वडील, दुसऱ्या जिल्ह्यातल्या सरकारी दारूगोळा कारखान्यात कामगार. अंगावर वर्दी नाही, पण काम फौजेचं. आम्ही आष्टीत राहतो. ते सुट्टीला येतात.

तेव्हा अशा कारखान्यांत संपाला बंदी आली होती. पुष्कळांनी मिळून एकाच दिवशी सीएल, म्हणजे किरकोळ रजा घेतली, तर तीही संपच. नोकरी जाऊ शकत होती, तुरुंगही होऊ शकत होता.

ताईचं लग्न ठरून सुपारी फुटायची म्हणून अण्णांनी सीएल टाकली आणि ते गावाकडं निघाले. इकडं सुपारी फुटली, तिकडं त्यांच्या सेक्शनमधल्या बऱ्याच जणांनी ऐनवेळी ठरवून, निषेध म्हणून त्याच दिवशी सीएल घेतली. संप केल्याची नोटीस सगळ्यांना आली. अण्णांनाही.

पुढच्या रविवारी ते घरी आले. मामा ओसरीवर बसलेले. म्हणाले, "काय दाजी, सुपारी पोरीची अन् संप तुमचा?"

कोणीच हसलं नाही. 

मी म्हणालो, "अण्णा, मी संपात नव्हतो असं जल्दी लिहून, सही करून द्या ना. सुपारीचे फोटो हायेत, सारं गाव साक्षीला हाय."

"मह्याकडं फोटो हायेत. बाकीच्यांकडं काय हाय?"

"पण तुमचं खरं हाय ना?"

"बिलकुल खरं. पण मी असा येगळा सुटलो की राह्यलेल्यांचा संपच ठरला म्हण. युनियन सगळ्यांचं एकच उत्तर देणार हाय. रजा हक्काची हाय, बोलायचं तर सगळ्यांशी मिळून बोला."

माय चहा गाळायची थांबली. "अन् सुनावणीला त्यांनी युनियनला आत घेतलंच न्हाई तर?"

 "त्याचंच भेव हाय," अण्णा म्हणाले.

सुनावणीच्या दिवशी मी जालन्याला कॉलेजात होतो. कारखान्याच्या फाटकावर मोबाइल जमा करावा लागतो, शिफ्ट सुटल्याशिवाय अण्णांचा फोन येणार नाही, हे माहीत होतं. तरी तासाला मी मोबाइल मुठीत धरून बसलो. सरांनी काय शिकवलं ते मला आजही सांगता येणार नाही. मायचा फोन येई. "आला का?" मी नाही म्हणे आणि ती ठेवून देई. अण्णांना आत एकट्यालाच बसवलं असेल, पुढं कागद सरकवला असेल, असं सारखं डोळ्यांपुढं येई. मीच सही करा म्हटलं होतं. आता त्यांनी केली असेल का, याचीही धास्ती वाटत होती.

संध्याकाळी फोन वाजला.

"युनियनला आत बोलावलं. सगळ्यांच्या नोटिसा मागं घेतल्या."

 पण अण्णांचा आवाज काही बराबर वाटेना.

"मंग असं काऊन बोलून राह्यले, अण्णा?"

"युनियनच्या सेक्रेटरीला सस्पेंड केलंय, त्यानंच सगळ्यांना रजा घ्यायला लावली म्हणून. उद्या त्याच्यासाठी बोलायला आत कोण जाणार, युनियनवाले इचारत होते."

"मंग?"

"मी जातो म्हणलो."