कंदील कंपनीचे शेअर

ये गं, जवळ सरक. म्हातारीला अगदी विसरलीस हो तू. स्वातंत्र्याच्या आसपासची गोष्ट सांगते. आमचे हे गेले, तेव्हा मागे नंदाखाल गावातली लहानशी माडांची वाडी आणि एका कंदील कंपनीचे शेअर राहिले. दर दिवाळीला कंपनीचा डिव्हिडंड यायचा, त्यात लेकीच्या शाळेची फी भागायची.

धाकटे दीर म्हणाले, "वहिनी, विजेचे खांब स्टेशनापर्यंत आले. आता कंदील कोण घेणार? विकून टाका."

मी विचारलं, "भावोजी, काल बाजारातून काय आणलंत?"

"काच."

"कशाची?"

ते हसले. "कंदिलाची."

"मग झालं. केळीनं घड दिला की ती तोडतात. माड म्हातारा झाला तरी नारळ देतो, त्याला कोणी तोडतं का?"

डिव्हिडंड दरवर्षी घटत गेला, नाही म्हणत नाही. कमी पडेल ते मी नारळ विकून भरलं. पुढे कंपनी बंद पडली, पण तोवर लेक शाळेत शिकवायला लागली होती. मला बाई समाधानच वाटलं. आता तीही पेन्शनीत निघालीय, तुझी चौकशी करत असते. रविवारी जेवायलाच ये.