पुलाखालचा सात सेंटीमीटर बर्फ

वोबेकाकांबद्दल गावात आता कुणी काही बोलत नाही, म्हणून मी लिहितेय. बोललेच तर म्हणतील, म्हातारा घाबरट झाला होता. ते घाबरट नव्हते हे सांगू शकणारी माणसं हार्स्टरममध्ये तीनच आहेत. मी, माझी मैत्रीण यिल्दौ आणि ते स्वतः. आणि आम्ही तिघंही गप्प आहोत.

वोबेकाका आमचे बर्फमास्तर. डेअरीचा टँकर चालवून रिटायर झाले होते, पण गावाला ते माहीत होते बर्फासाठी. एकतीस हिवाळे. कालवा गोठला की सकाळी सायकलला हाताचं ड्रिल बांधून निघायचे, सतरा ठिकाणी भोकं पाडायचे, पट्टी घालून जाडी बघायचे आणि निळ्या वहीत लिहायचे. मग काठी आपटून कान लावायचे. स्वतः स्केटिंग करत नव्हते, कमरेचं हाड मोडल्यापासून बंदच. बायको, ग्रीतकाकू, सहा वर्षांपूर्वी गेली. तेव्हापासून नोव्हेंबर लागला की ते स्केटिंग क्लबच्या शेडमध्ये जाऊन बसायचे, झाडूंना दांडे बसवायचे, कच्च्या बर्फाच्या जागी स्केट घालून काठाने चालायला अंथरतात त्या सतरंज्या उन्हात टाकायचे, बर्फ पडो न पडो. आठ वर्षं गावाची स्केटिंगची टूर झाली नव्हती, तरी दर वर्षी सतरंज्यांना ऊन मिळालं.

आणि गावातलं प्रत्येक पोर सहा वर्षांचं झालं की त्याला ते खिळ्यांची जोडी द्यायचे. लाकडी मुठीचे दोन खिळे, एका दोरीत, गळ्यात घालायला. बर्फ फुटून पाण्यात पडलात तर हे बर्फात रोवून स्वतःला बाहेर ओढायचं. मुठीवर तापल्या तारेने पोराच्या नावाचं पहिलं अक्षर. माझ्या मुठीवर पण आहे. यिल्दौच्या पण. कॉलेजात गेल्यावर ते घालायची लाज वाटते हा भाग वेगळा.

यंदा जानेवारीत नऊ रात्री कडक थंडी पडली आणि गाव वेडं झालं. यिल्दौचे बाबा, त्यार्ककाका, क्लबचे अध्यक्ष. त्यांनी शनिवारची टूर जाहीर करून टाकली, तळ्यापर्यंत जाऊन परत, वाटेत शिक्के मारून घ्यायची कार्डं छापली, वाटाण्याच्या सुपाची पातेली मागवली. रविवारपासून पाऊस येणार, बर्फ वितळणार असं सांगितलं होतं, म्हणजे शनिवारच काय तो. शुक्रवारी संध्याकाळी गावाच्या ग्रुपवर वोबेकाकांचा मेसेज आला. "सगळीकडे बारा. पंपघराच्या पुलाखाली सात. टूर नाही."

एवढाच मेसेज. ते कधी जास्त लिहीतच नसत.

पंपघर मंगळवारी चालू होतं, पुलाखाली पाणी हलत राहिलं, हे सगळ्यांना कळत होतं. तिथे सतरंज्या टाकून काठाने चालत जायची सोयही नाही, दोन्ही बाजूंना लोखंडी भिंत. तळ्याकडे जायला बर्फावरून दुसरा रस्ता नाही. कळत होतं सगळं, पण आठ वर्षं झाली होती हो. ग्रुपवर जे सुरू झालं ते वाचवत नव्हतं. एकाने लिहिलं, "मास्तर, ड्रिलला चष्मा लावा."

मी आणि यिल्दौ ग्रोनिंगन शहरात एकत्र राहतो, एकाच वर्गात आहोत. तिने फोन गादीवर फेकला.

"बाबांनी चारशे कार्डं छापलीत, हिस्के. चारशे. त्या माणसाला मजा येते नाही म्हणायला."

मीच म्हणाले, "टूर गेली खड्ड्यात. बर्फ आहे ना? उद्या सकाळच्या गाडीने जाऊ, दिवसभर स्केटिंग करू, संध्याकाळी परत."

मीच म्हणाले. हे कुठेतरी लिहून ठेवायला हवं होतं, ते आत्ता लिहिलं.

शनिवारी क्लबच्या धक्क्यावर बूट बांधत होतो तर वोबेकाका समोर. नाकाचं टोक लाल, टोपीवर दव गोठलेलं.

"पुलापर्यंत जा," ते म्हणाले. "पुढे नको."

"हो काका."

"हिस्के, खिळे?"

मी जॅकेटची चेन खाली ओढून दाखवले. आईने निघताना फोनवर दहा वेळा बजावलं होतं.

"यिल्दौ?"

"बॅगेत आहेत काका," यिल्दौ म्हणाली.

"बॅग बुडाल्यावर तुला आणून देणार का?"

"घालते हो. तुम्ही जा, तुमची भोकं वाट बघत असतील."

ते हसले नाहीत. गेले. बॅगेत खिळे नव्हतेच.

तो बर्फ कसा होता ते मला सांगता येणार नाही. काळा, काचेसारखा, खाली गवत दिसत होतं. आम्ही दोघी एका लयीत, हात पाठीवर, पाऊण तास. मग पूल आला. अलीकडे त्यांनी लाल-पांढरी पट्टी बांधली होती आणि बर्फात एक फांदी रोवली होती. फांदी म्हणजे इथे पुढे जायचं नाही, हे आमच्याकडे चालायच्या आधी शिकवतात.

यिल्दौ पट्टीवरून पलीकडे गेली. मी फोन काढला.

"काढ, काढ," ती म्हणाली आणि पुलाखालून सरळ आरपार गेली, वळली, एका पायावर गिरकी घेतली. "वोबेकाका, हे घ्या तुमचे सात. माझी आजी तिच्या गायीला घेऊन नाचली असती इथे."

मी पण गेले. बर्फ काही बोलला नाही. पलीकडे पोचल्यावर मी व्हिडिओ ग्रुपवर टाकून दिला, विचारबिचार काही न करता. बोट आधी चालतं माझं.

तळ्यावर बसून थर्मासमधलं बडीशेपेचं गरम दूध प्यायलो तेव्हा बघितलं तर ग्रुप पेटला होता. हसण्याचे चेहरे, टाळ्या. आणि त्यार्ककाका: "दोन मुली सहज गेल्या. एकतीस वर्षं आपण या माणसाचं ऐकतोय. उद्या अकराला क्लबमध्ये बैठक."



परत येताना तीन वाजले होते. यिल्दौ पुढे होती. पुलाखाली ती गेली आणि दोरी ताणून तुटावी तसा आवाज आला, आणि मला फक्त तिचं डोकं आणि दोन हात दिसले. ती ओरडली नाही. श्वासच नव्हता तिच्याकडे. काठ पकडायची आणि काठ तुटायचा, पुन्हा पकडायची, पुन्हा तुटायचा.

मी पोटावर पडले, गळ्यातली दोरी ओढून काढली आणि माझे खिळे बर्फावरून तिच्याकडे सरकवले. "रोव," म्हणाले. "एक, मग दुसरा. पाय मार." सहा वर्षांच्या आम्हाला वोबेकाकांनी शाळेच्या जिममध्ये गादीवर झोपवून हेच शिकवलं होतं, आणि आम्ही खिदळत होतो.

ती निघाली. अर्धी निघाली तेव्हा दोरी तुटली, एक खिळा तिच्या मुठीत आणि एक तिथेच बर्फात राहिला. आणायला कोण जाणार परत? पंपघराच्या आडोशाला मी तिला माझी थर्मल पँट घातली. तिची पँट गोठून पत्र्यासारखी झाली होती, उभी केली तर उभी राहिली असती.

मी फोन काढला.

"काय करतेस?"

"ग्रुपवर लिहिते. ते बरोबर होते म्हणून."

"हिस्के, नको." तिचे दात वाजत होते. "बाबांनी बैठक लावलीय. बाबा तोंडावर पडतील. आई मला ग्रोनिंगनहून परत बोलावेल. नको ना प्लीज. कुणाला काही झालं नाहीये."

मी फोन खिशात ठेवला. थंडी होती म्हणून, बोटं चालत नव्हती म्हणून, ती रडत होती म्हणून. कारणं भरपूर आहेत.

शेतातून चालत गाव गाठलं, त्या दिवशी ग्रोनिंगनला परत गेलो नाही. तिने घरी सांगितलं की सर्दी झाली. रविवारी पाऊस लागला, बारीक, कोमट, आणि अकरा वाजता क्लबमध्ये साठेक माणसं ओले कोट घालून उभी होती. कालव्यावर पाणी साचायला लागलं होतं. आता टूर कधीच होणार नव्हती आणि त्याला कुणीतरी जबाबदार पाहिजे होतं.

"वोबे, तुझ्याविरुद्ध कुणाचं काही नाही," त्यार्ककाका म्हणाले. म्हणजे सगळ्यांचं होतं. "पण आता वय झालं. नवीन मशीन येतात, बर्फावर ठेवलं की आकडा दिसतो. तुला काही म्हणायचंय?"

वोबेकाका भिंतीपाशी उभे होते. पँट गुडघ्यापर्यंत ओली. म्हणजे सकाळी पावसातसुद्धा ते मोजायला गेले होते. एक हात कोटाच्या खिशात. त्यांनी आधी यिल्दौकडे बघितलं, मग माझ्याकडे. मला वाटलं आता बोलतील.

"सात होता," ते म्हणाले. "बाकी काही नाही."

मागून कुणीतरी हसलं. "सातावर दोन पोरी नाचल्या की मास्तर."

नवा बर्फमास्तर हवा असणाऱ्यांना हात वर करायला सांगितलं. अठराच्या वरचे सगळे मेंबर, म्हणजे आम्ही पण. यिल्दौने केला, तिचे बाबा बघत होते. आणि मी पण केला. मला कुणी धरून वर करायला लावला नाही, मीच केला.

त्यांनी शेडची किल्ली टेबलावर ठेवली, निळी वही ठेवली, आणि ड्रिल बाहेर सायकलला आहे ते सोडून घ्या म्हणाले.

मी बाहेर आले तेव्हा ते सायकलचं कुलूप काढत होते. मला बघून खिशातला हात बाहेर काढला. मुठीत माझा खिळा होता. अक्षर वर.

"पुलाखाली सापडला," ते म्हणाले. "भोकाच्या काठाला."

मी तो घेतला.

"यिल्दौ बरी आहे?"

"हो."

"दोरी कुजली होती. दर दोन वर्षांनी बदलायची असं सांगितलं होतं मी." आणि सायकलवर बसून गेले. बैठकीत तो हात खिशातून काढायचा अवकाश होता. नाही काढला.

मार्चमध्ये मी केक घेऊन त्यांच्या घरी गेले. त्यांनी दारातूनच बघितलं. मी सगळं बोलून टाकलं, भराभर, फांदीपासून हात वर करण्यापर्यंत, रडले पण. त्यांनी ऐकून घेतलं.

"मला कशाला सांगतेस?" ते म्हणाले. "मला माहीतच आहे. ज्यांना माहीत नाही त्यांना सांग." केक घेतला नाही. दार हळूच लावलं, आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

यिल्दौला सांगितलं तर ती म्हणाली, "आता कशाला? बर्फ पण वितळला."

व्हिडिओ अजून ग्रुपवर आहे. परवा कुणीतरी पुन्हा हसून गेलं त्याच्यावर. वोबेकाका ग्रुपमध्ये नाहीत, बैठकीच्या दुपारीच बाहेर पडले. त्या व्हिडिओखाली मी चार ओळी टाइप केल्या. भराभर टाइप करते मी, सगळे म्हणतात. त्या चार ओळी तीन आठवडे न पाठवता तशाच पडून आहेत.