काळजीवाल्या काकांची सुनावणी

या पृथ्वीतलावर माझ्या माण गावच्या घरमालक काकांइतकी काळजी करणारा माणूस झाला नाही, पुढे होणार नाही, आणि चुकून झालाच तर त्याचीही काळजी हेच करतील. जिथे पूर्वी काकांचा भात पिकायचा तिथे आता त्यांची बारा खोल्यांची इमारत उभी आहे. भात होता तोवर फक्त पावसाची काळजी होती. आता बारा खोल्यांत बारा भाडेकरू, म्हणजे काळजीचं पीक बारमाही. रोज सकाळी काका प्रत्येक दारात उभं राहून गॅसचा वास येतोय का ते पाहायचे. माझं ऑफिस आमच्या गच्चीवरून दिसायचं, तरी मी तिथला जिना चढायच्या आत काकांचा फोन वाजायचा, "पोचलास का?" एकदा मी लिफ्टमध्ये असताना फोन लागला नाही, तर काका थेट कंपनीच्या गेटवर हजर. तिथल्या रखवालदाराला त्यांनी माझं वर्णन सांगितलं होतं : "लई बारीक हाय, चष्मा हाय, आन् सकाळचं पोहे अर्धंच खाल्ल्यात." तेवढ्यावर त्याने मला बरोबर हुडकून काढलं, याचं मला अजून वाईट वाटतं.

आम्ही सगळे भाडेकरू हसायचो. हसत नव्हत्या त्या फक्त काकू. त्यांचं माहेर कासार आंबोली, म्हणजे सकाळी निघालं तर जेवायला पोचावं इतकं जवळ. पण काकू एसटीत बसल्या की काकांच्या छातीत धडधड सुरू, तळहात ओले, श्वास पुरेना. त्यापायी दोन वर्षं काकू आईला भेटल्या नव्हत्या. हृदयाच्या डॉक्टरांनी हृदय ठणठणीत असल्याचं सांगून मनाच्या डॉक्टरांकडे जायला सांगितलं, तेव्हा काकू एवढंच म्हणाल्या, "आय थकलीया माझी. मला चार दिस तिच्यापाशी ऱ्हायचंय. तुमी एकदा दाखवून या."

काका कबूल झाले. पण माणसाची सरकारी पद्धतीने चौकशी होते ती पौडच्या तहसील कचेरीत, एवढंच त्यांना ठाऊक. त्यामुळे तयारी सुनावणीची झाली. आधार कार्ड, सातबारा, फेरफार, लाइट बिल, चार फोटो, सगळ्याच्या तीन-तीन झेरॉक्स. शिवाय दोन साक्षीदार : एक काकू, एक मी. "मी येडा न्हाई एवढंच सांगायचं," काकांनी रिक्षात मला तीनदा पढवलं. "येड्याचा शिक्का बसला तर माझी सही चालंल का कुटं?"

दवाखान्यात मनाच्या डॉक्टरबाईंनी दोन्ही साक्षीदारांना नम्रपणे बाहेर बसवलं. आत काय झालं ते काकांनी परतीच्या वाटेवर, जरा दुखावल्या सुरात सांगितलं. यंत्र नाही, तारा नाहीत, टेबलावर साधा शिक्कासुद्धा नाही. बाईंनी सातबारा न उघडताच परत दिला आणि विचारलं, झोप कशी लागते, भूक लागते का, चहा किती, तंबाखू किती, धडधड कधीपासून. मग एक कागद दिला : गेल्या दोन आठवड्यांत किती दिवस काळजी थांबवता आली नाही? काकांनी विचारलं, "बाकीची मान्सं काय लिवत्यात?" घरात आणखी कुणाला असा त्रास होता का, या प्रश्नावर मात्र काका खुलले. पाच पिढ्यांची वारसनोंद त्यांना तोंडपाठ. ती सांगता सांगता वडिलांपाशी आले आणि थांबले. वडील बैलांची दावी दहा-दहादा तपासायचे. दावी घट्ट आहेत हे कळूनही परत उठायचे. "तासभर ऐकलं रं बाईनी," काका म्हणाले. "कचेरीत कुनी दोन मिंटं ऐकत न्हाई." शेवटी काकांच्या परवानगीने काकूंना आत बोलावलं. मला कुणीच बोलावलं नाही. माझी साक्ष तशीच वाया गेली.

निकाल असा लागला, की हा चिंतेचा आजार आहे, वेडेपणा नाही आणि तो आटोक्यात येतो. थायरॉइडसाठी रक्त तपासायचं आणि पुढच्या आठवड्यात परत यायचं. "म्हंजी तारीख पडली," काका म्हणाले, आणि निकालाची नक्कल मिळेल का ते विचारायला पुन्हा आत गेले.

अशा बऱ्याच तारखा पडल्या. गोळ्या झाल्या, श्वासाचे धडे झाले, फोन न करता थांबायचा सराव झाला. मग एके सकाळी काकू कासार आंबोलीला निघाल्या. काकांनी आपला मोबाइल माझ्या हातात दिला, "मागितला तरी देऊ नगंस," म्हणाले, आणि इमारतीला अकरा प्रदक्षिणा घातल्या. मोबाइल मात्र मागितला नाही. पाचव्या दिवशी काकू हसत परतल्या. "चार दिस एक बी फोन न्हाई. मलाच काळजी लागली."

हळूहळू मलाही फोन येईनासा झाला. काका बरे झाले याचा मला मनापासून आनंद होता, आणि ऑफिसचा जिना चढताना चुकल्यासारखंही वाटायचं. परवा बदली होऊन दूरच्या शहरात आलो. नव्या खोलीत सामान टाकलं, आणि मीच फोन लावला. "काका, पोचलो."

"मी इचारलं न्हाई," काका म्हणाले. मग हळूच, "पोहे सगळं खाल्लंस का?"

मी खोटंच हो म्हणालो, आणि कितीतरी वेळ मला तो फोन ठेववेना.