दवाखान्याचं वावर

होलेसाहेबांना पत्ता विचारू नये, हे मला नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात कळलं. मी अकोल्याहून बदलून आले होते. त्यांनी रविवारी जेवायला बोलावलं आणि फोनवर सांगितलं, "बगीच्यापासून डाव्या हाताले वळा. शाळेच्या मांगंच घर आहे." मी भर उन्हात बगीचा शोधत फिरले. बगीच्याच्या जागी सिमेंटचं गोदाम निघालं आणि शाळेच्या जागी मंगल कार्यालय. शेवटी एका पानवाल्यानं वाट दाखवली. म्हणाला, "होलेसायेब का? ते नकाशातल्या गावात रायतात."

अमरावती-अकोला रस्त्यावरच्या त्या लहानशा गावात होलेसाहेब नगररचना विभाग सांभाळत. गाव पुढं वाढेल तेव्हा शाळा, दवाखाना, मैदान कुठं होईल ते आधी ठरवायचं आणि त्या जागा आरक्षित करायच्या, हे आमचं काम. आरक्षण पडलेल्या जमिनीवर मालकाला घर बांधता येत नाही आणि ती घ्यायलाही कोणी पुढं येत नाही. पालिकेनं मोबदला देऊन ती ताब्यात घ्यायची असते. ती वर्षानुवर्षं ताब्यात येत नाही, आरक्षण सुटतं, आणि मग तिथं गोदाम उभं राहतं. लग्नाच्या पंगतीत साहेब हलकेच म्हणायचे, "पोटभर जेवा बाई, आपण शाळेत बसून राहिलो." असं म्हणताना हसायचे नाहीत. मला त्यांचा राग यायचा. चांगल्या गरम जिलबीची चव घालवायची काही गरज होती का?

जुन्या आराखड्याचे असे धिंडवडे निघाले होते, तरी नवा आराखडा करायला घेतला तेव्हा त्यांचा उत्साह नव्या नवरदेवासारखा. प्रसूतिगृहाची जागा शोधायची त्यांची एक रीत होती. वस्तीतल्या शेवटच्या घरापासून ते स्वतः चालत निघायचे, आणि चालायचे दिवस भरलेल्या बाईसारखे. हात कमरेवर, पाय फाकलेले, मध्येच दगडावर टेकलेले. मागं आम्ही हसू दाबत. गावातल्या बाया तर पदर तोंडाला लावायच्या. "हसा," ते म्हणायचे, "पण जिथं मी दमलो, तिथं दवाखाना पायजे."

ते दमले ते नेमके त्यांच्या धाकट्या बहिणीच्या, कमलताईच्या वावरापाशी. जमीन उंचावर, नाल्याचं पाणी न चढणारी, दोन्ही बाजूंनी रस्ता. ताई विधवा. त्या वावरात वांगी, मेथी आणि शेवंती लावायची, आणि रोज बाजारात घेऊन बसायची. आमच्यातल्या कोणी तरी सुचवलं, साहेब, रेघ थोडी सरकवू. साहेब म्हणाले, "सरकवली त जाईन कुठं? बाजूच्या वावरात. तेही कोणाच्या तरी बहिणीचंच असन."

हरकतींच्या सुनावणीला कमलताई आली. टेबलाच्या अलीकडे ती, पलीकडे भाऊ. तिनं त्याला साहेबच म्हटलं. "साहेब, माही लेक नांदणं सोडून परत आली. तिच्यासाठी वावरात दोन खोल्या काढायच्या होत्या. पण दवाखाना खरंच होत असन, त मी आडवी येत नाई. मले फक्त सांगा, होईन का?"

अशा प्रश्नाला आमच्याकडे एक ठरलेलं उत्तर असतं: प्रयत्न करू. साहेबांना ते माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. पण समोर बहीण होती. ते म्हणाले, "होईन. मी सांगतो न." ताईनं हरकत तिथंच मागं घेतली.

पुढची सगळी वर्षं त्या एका शब्दानं खाल्ली. साहेब दर अंदाजपत्रकाच्या वेळी ती फाइल वर काढायचे आणि ती दर वेळी खाली जायची. गावाला स्वागत कमान झाली. चौकात कारंजं झालं, त्यात पाणी कधी आलं नाही. साहेब म्हणायचे, "कमानीले जागा घ्या लागत नाई, बाई. नुसतं नारळ पायजे." ताईनं खोल्यांची परवानगी मागितली, ती आरक्षणामुळं नाकारावी लागली. नकाराच्या कागदावर सही होलेसाहेबांची होती. त्या दिवाळीत त्यांना भाऊबीजेचं बोलावणं आलं नाही.

ठरलेल्या मुदतीत पालिकेनं जागा घेतली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो. तरीही पालिका हलली नाही, की आरक्षण आपोआप उठतं. मुदत संपली तेव्हा साहेब निवृत्त झाले होते. आपल्या हातानं आखलेला दवाखाना पुसायचा उपाय सांगायला ते स्वतःच बहिणीकडे गेले. त्यांना एकट्यानं जायचा धीर होईना, म्हणून मला सोबत नेलं. ताई मेथीच्या जुड्या बांधत होती. वर न बघता म्हणाली, "मी काहून देऊ नोटीस? तू होईन म्हणला होता." साहेब म्हणाले, "कमल, चुकलं माहं. सोडव त्या वावराले." ती म्हणाली, "मी वाट पाहून राहिली." मला फार वाईट वाटलं, आणि ताईचं काही चुकलं असंही म्हणवेना.

गेल्या उन्हाळ्यात दुपारी त्यांच्या छातीत कळ आली. गावात दाखवायला कोणी नव्हतं, म्हणून गाडी अमरावतीकडे काढली. रस्ता ताईच्या वावरावरूनच जातो. बडनेऱ्याच्या अलीकडेच ते गेले.

तेरवी झाल्यावर कमलताई ऑफिसात आली. आता साहेबांच्या खुर्चीवर मी बसते. तिनं नोटीस पुढं ठेवली. "वाट पाहायची त थ्याच्या शब्दाची होती," ती म्हणाली, "थो गेला." मग तिनं विचारलं, "तरी इचारते, बाई. तुमी सांगा. होईन का?"

मी नोटीस घेतली, शिक्का मारला आणि पोच तिच्या हातात दिली.