पूजा झालेलं मशीन

"तू मागं थांब. मशीनची पूजा झालीय. लांबून बघ की."

सर हे मला सगळ्या वर्गासमोर म्हणाले. खंडेनवमीचा दिवस होता. भवानी पेठेतल्या त्या क्लासात आम्ही कॉम्प्युटर दुरुस्ती शिकत होतो. त्या दिवशी प्रत्येकानं पेनड्राइव्हवरून मशीन सुरू करून दाखवायचं होतं. कंपनीत कामाला कुणाची नावं पाठवायची, ते त्यावर ठरणार होतं.

आदल्या दिवशी हेच मशीन मी पुसलं होतं. पहिल्याच दिवशी सरांनी आडनाव विचारलं, तेव्हापासून फडकं माझ्याच हातात. म्हणजे धुळीला माझा हात चालतो, कुंकू लागलं की बाटवतो. काय तो देव आणि काय त्याचे भक्त. तरी मागं झाले.

आधी स्वतः करून दाखवायला सरांनी मशीन चालू केलं आणि एफ-टू दाबायला लागले. हे बटण वेळेत दाबलं तरच सेटिंग उघडतं. तिथं पेनड्राइव्हला पहिला नंबर द्यायचा. पण दर वेळी जुनी विंडोजच उघडायची. भक्तीच्या भरात की-बोर्डवर ओल्या अक्षता टाकल्या होत्या. एक तांदूळ एफ-टूखाली अडकला होता, बटण दबतच नव्हतं. भिंतभर सर्टिफिकेटं लावलेला माणूस घाम पुसत बटण बडवत होता.

मग माझ्याकडं न बघताच म्हणाले, "ए, जरा साफ करून दे. तुला सवय आहे."

आता कुठं गेली पूजा? विटाळबिटाळ काही नव्हतं. मी खुर्चीत बसू नये, एवढंच होतं. मी खुर्ची ओढली आणि बसले.

"अक्षता तुमी टाकल्या, तुमीच काढा. आता माजा नंबर हाय."

क्लासातून काढून टाकीन म्हणाले. मी उठले नाही. बाकीची पोरं खोळंबली, कुरकुरायला लागली. शेवटी सरांनीच टाचणीनं तांदूळ उकरून काढला.

मी मशीन बंद करून चालू केलं. एफ-टू. बूट. यूएसबी सगळ्यात वर. एफ-टेन, सेव्ह. पेनड्राइव्हवरून मशीन सुरू झालं. यात कसली विद्या नाही, कुणालाही जमतं. म्हणूनच तर हात लावू देत नव्हते.

कंपनीला माझं नाव गेलं नाही. जाणारच नव्हतं. पण तेव्हापासून मी बसायला कुणाची परवानगी मागत नाही. ज्याच्या मशीनला माझा विटाळ होतो, त्यानं ते भंगारात घालावं. मी उठणार नाही.