आबांच्या अंगठ्याचा खड्डा

आज मळवलीच्या शेडमध्ये शाडूवरचं ओलं गोणपाट उचललं आणि त्या कुबट वासासरशी आबा आठवले.

आबा म्हणजे माझे म्हातारे चित्रकार गुरू. त्यांच्या वारलेल्या बायकोचा चेहरा आम्ही दोघं शाडूत करत होतो. मी घडवायचा, त्यांनी रंगवायचा. नजर इतकी अधू झालेली, की माझं काम ते बोटांनीच बघत. त्या दुपारी गाल चाचपताना थांबले आणि अंगठा खोल दाबला.

"हितं खड्डा पडलाता तिच्या. शेवटी लय वाळली व्हती."

"व्हय आबा," मी म्हणालो. ते चहाला बाहेर गेले आणि मी ओल्या स्पंजनं गाल सारखा केला. मला चेहरा देखणा हवा होता.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पुन्हा गालावरून हात फिरवला. बराच वेळ. मग ब्रश माझ्या हातात दिला.

"रंग तूच दे. हिला मी वळखत न्हाई."

त्यानंतर ते शेडमध्ये आलेच नाहीत. आता तेही गेले.

तो चेहरा अजून बिनरंगाचाच आहे. मी दरवर्षी नव्यानं गाल घडवतो, तिथंच अंगठा दाबतो. नुसता खड्डा पडतो.