मिठीवरच्या पुलाचं लाल अस्तर

शीवच्या पुढे मिठी नदी ओलांडणाऱ्या एका जुन्या रेल्वे पुलाचा इतिहास मी आमच्या वर्तमानपत्राच्या रविवारच्या पुरवणीत लिहिला. पूल कधीतरी बदलला जाणार, त्याआधी त्याची हकिकत छापून यावी, असं संपादकांना वाटत होतं. तीन आठवडे मी जुनी कागदपत्रं चाळली. गाळात पाया कसा धरला, लोखंडी गर्डर कसे बसवले, एका मार्गिकेच्या दोन कशा झाल्या, प्रत्येक वाक्याला कागदाचा आधार होता. शेवटचा परिच्छेद मात्र मी नदीकाठी उभं राहून स्वतः पाहिलेल्या दृश्यावर लिहिला. त्यातलं एक वाक्य असं होतं: ‘आज हा पूल गंजाने लालेलाल झाला आहे.’

माझे वडील रेल्वेच्या पूल खात्यात रंगारी होते. ज्या पुलांवर त्यांचं आयुष्य गेलं, त्यांतला हा एक. तरी त्यांना मी काही विचारलं नव्हतं. घरच्या माणसाचा हवाला बातमीत घ्यायचा नाही, हे मला नोकरीच्या सुरुवातीलाच शिकवलं होतं आणि तो नियम मी कधी मोडला नव्हता.

परळच्या आमच्या घरी पेपर आला की वडील पेन्सिल घेऊन खिडकीजवळच्या खुर्चीत बसत. माझ्या मजकुरात चूक दिसली की समासात फुली. बरोबर असेल तर काहीच नाही. फुली नसलेलं पान हीच शाबासकी, आणि संपादकांच्या मतापेक्षा मला तिचं मोल जास्त होतं.

त्या रविवारी ते शेवटच्या परिच्छेदापर्यंत पोहोचले आणि त्यांनी पेन्सिल खाली ठेवली.

“गंज? तुका कोणी सांगल्यान?” रागावले की ते मालवणीवर येतात.

“मी स्वतः बघून आलो, बाबा.”

“खंयसून?”

“काठावरून.”

“हात लावन बघलंस?”

नव्हता लावला. मग त्यांनी शांतपणे सांगितलं. पूल रंगवायला घेतला की आधी जुना रंग आणि गंज तारेच्या ब्रशने खरवडून काढतात. उघड्या पडलेल्या लोखंडावर लाल अस्तराचे दोन हात देतात. ते वाळलं की वरून चंदेरी रंग. सध्या त्या पुलाचं रंगकाम चालू आहे, हे त्यांना ठाऊक होतं; मी पूल पाहिला तो नेमका मधल्या दिवसांत, म्हणजे त्याच्या अंगावर गंजाचा कणही नसताना.

“अहो, छापून झालंय आता,” आई आतून म्हणाली. “जेवायला या.”

संध्याकाळी नाक्यावरच्या कट्ट्यावर त्यांचे जुने सहकारी जमत. त्या दिवशी वडील तिथे पोहोचले तेव्हा मी दूध घेऊन परतत होतो, त्यामुळे ऐकू आलं.

“या, या, रंगारीबुवा! पूल कुजवलात म्हणे? आम्ही नाही हो म्हणत, तुमचाच पोरगा लिहितो!”

सगळे हसले. वडीलही हसले. पण दुसऱ्या दिवशी ते कट्ट्यावर गेले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही. पेपरची घडी मोडेनाशी झाली. आई त्यावर शेंगा सोलू लागली.

दुरुस्ती छापायची, तर तिलाही घरचा हवाला चालणार नव्हता. मी पुन्हा पुलापाशी गेलो. या वेळी काठावर थांबलो नाही. कामावरच्या मुकादमांची परवानगी घेऊन गर्डरच्या टोकापर्यंत गेलो. अर्धा पूल चंदेरी झाला होता, अर्धा अजून लाल होता. लाल भागावर तळहात फिरवला. गुळगुळीत, कोरडा. हाताला काही लागलं नाही.

“गंज वाटला ना?” मुकादम म्हणाले. “लांबून सगळ्यांनाच वाटतो. लिहीत नाही कोणी, एवढंच.”

कार्यालयात वृत्तसंपादकांनी विचारलं, “तक्रार आली का रे कुणाची?”

“एका वाचकाची. माझे वडीलच. पण मी जाऊन खात्री केली आहे.”

“रंग काय नि गंज काय, कुणाला फरक पडतो?”

“ज्याने रंगवला त्याला.”

त्यांनी चार ओळींची जागा दिली. ‘पुलावर दिसलेला लाल थर गंजाचा नसून रंगकामातील अस्तराचा होता. पुलाची निगा नियमित राखली जाते. चुकीबद्दल दिलगीर आहोत.’ आतल्या पानावर, तळाशी, बारीक अक्षरात.

दुरुस्ती छापून आली त्या दिवशी सकाळी मी पेपर वडिलांच्या खुर्चीवर ठेवला आणि कामाला गेलो. संध्याकाळी आलो तेव्हा खुर्ची रिकामी होती. पेपरची घडी मोडलेली होती. आतलं पान उघडलं, तर तळाशी ब्लेडने कापलेली चौकोनी खिडकी होती, समासासकट.

“चार वाजल्यापासून कट्ट्यावर आहेत,” आई म्हणाली. “वाचायचा चष्मा पण नेलाय.”

समासात फुली होती की नव्हती, हे कळायला मला काही मार्ग उरला नव्हता.